फिट बसलेलं मॉडेल आणि गळून पडलेला ‘स्यूडो’

मागच्या व्याख्यानात आपण रबरापाशी थांबलो होतो. गणिताच्या दृष्टीने रबर हा मोठा गुणी पदार्थ. दुप्पट ताणा, सोडा, जवळपास मूळ लांबीवर येतं. कुठल्याही दिशेने ताणा, सारखंच वागतं. आणि सोमवारी जसं होतं तसंच शुक्रवारी असतं. आज आपल्याला शरीरातल्या मऊ ऊतकांकडे वळायचं आहे. त्वचा, धमनीची भिंत, स्नायुरज्जू, आतड्याला धरून ठेवणारा पातळ पडदा, ही सगळी मंडळी. रबराचे वर सांगितलेले तिन्ही गुण यांच्यात नाहीत. तरीसुद्धा गेली साठेक वर्षं आपण रबराचंच गणित थोडं वाकवून यांच्यावर चढवत आलो आहोत, आणि ते बऱ्यापैकी बसतं. आजचा विषय हे ‘बसणं’ आहे.

सुरुवातीलाच सांगून टाकतो, आज आम्ही परिचय करून देणार नाही, टीका करणार आहोत. मॉडेल हा एक मजकूर आहे असं समजून त्याचं वाचन करायचं. लिहिणाऱ्याने काय म्हटलं होतं आणि पुढच्या वाचकांनी त्यातलं सोयीचं तेवढं कसं उचललं, हे पाहायचं.

हे कोणाच्या कामाचं, असा प्रश्न येईल. म्हणून एक माणूस डोळ्यांसमोर ठेवूया. पोटातल्या महाधमनीचा व्यास साधारण २ सेंटिमीटर असतो. काही जणांत, विशेषतः साठी ओलांडलेल्या आणि धूम्रपान केलेल्या पुरुषांत, तिचा एक भाग हळूहळू फुगत जातो. ३ सेंटिमीटरच्या पुढे गेला की त्याला ॲन्युरिझम म्हणतात. दुखत नाही, कळत नाही. बहुतेक वेळा दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी केली तेव्हा सापडतो. फुटला तर बहुतेक रुग्ण वाचत नाहीत. शस्त्रक्रिया करावी तर तिचाही जीवाला धोका आहेच. मग कधी करायची? सध्याचा सर्वसाधारण नियम पुरुषांसाठी ५.५ सेंटिमीटरचा आहे. त्याच्या आत असेल तर लक्ष ठेवायचं. पण काही फुगे ५ च्या आत फुटतात आणि काही ७ ला पोचूनही शाबूत राहतात. तर ‘व्यास मोजू नका, भिंतीवरचं प्रतिबल मोजा’ असं म्हणत यंत्रशास्त्राची माणसं पुढे आली. भिंतीवरचं प्रतिबल काढायचं तर भिंतीचं मॉडेल हवं. इथून आपली गोष्ट सुरू होते. पण तिथे पोचायला आधी तीनशे वर्षं मागे जावं लागेल.

हूकने ‘जेवढं बल तेवढा ताण’ हा नियम १६७८ मध्ये उघड केला. नऊच वर्षांनी, १६८७ मध्ये, याकोब बर्नुलीने लायप्निझला लिहिलेल्या पत्रात एका तारेचे आकडे दिले. ल्यूट या वाद्याची तार, तीन फूट लांब, आतड्यापासून केलेली. आपल्याकडे सारंगीला जी तात लावतात तीच जात. त्याने २, ४, ६, ८ आणि १० पौंड वजनं टांगली. लांबी वाढली अनुक्रमे ९, १७, २३, २७ आणि ३० रेषा; रेषा म्हणजे इंचाचा बारावा भाग. आता नुसते फरक काढा: ९, ८, ६, ४, ३. वजन दर वेळी दोनच पौंडांनी वाढतंय, पण तार दर वेळी आधीपेक्षा कमी देतेय. हूकचा नियम जेमतेम नऊ वर्षांचा झाला होता आणि त्याला अपवाद एका प्राण्याच्या आतड्याने दाखवला, हे आम्हाला फार आवडतं.

असं का होतं, ते आज आपल्याला ठाऊक आहे. ऊतकातले कोलॅजेनचे तंतू सैल असताना नागमोडी असतात. साडीच्या निऱ्या आठवा. निऱ्या उलगडेपर्यंत कापड सहज हातात येतं. निऱ्या संपल्या की मग खुद्द कापड ताणावं लागतं. ऊतकात या सगळ्या निऱ्या एकदम संपत नाहीत, एकेक तंतू आपापल्या वेळी सरळ होतो आणि कामाला लागतो. म्हणून आलेख आधी आडवा, मग वळतो, मग उभा चढतो. अर्थात वाळवून पीळ दिलेली तार म्हणजे ओलं ऊतक नव्हे. ती कसर पॅरिसमध्ये वेर्थाइमने १८४७ मध्ये भरून काढली. त्याने मृत माणसांची ऊतकं ताणून पाहिली, आणि तिथेही सरळ रेषा मिळाली नाही.

मग मध्ये बराच काळ विषय सुस्त होता. तो जागा केला युआन-चेंग फंग यांनी.

फंग मूळचे विमानाचे. कॅलिफोर्नियात, कॅल्टेकला, हवेच्या झोताने पंख कसे थरथरतात यावर त्यांचं काम. १९५५ चं त्यांचं त्या विषयावरचं पुस्तक अजून वापरात आहे. असं सांगतात की १९५७ च्या सुमारास ते जर्मनीत गटिंगनला असताना चीनमध्ये त्यांच्या आईला काचबिंदूचा तीव्र त्रास झाला, आणि तिच्या डॉक्टरांना पाठवण्यासाठी ते त्या विषयावरचे लेख शोधून वाचू लागले. तिथून शरीरशास्त्राची गोडी लागली. १९६६ मध्ये त्यांनी कॅल्टेक सोडलं आणि सॅन डिएगोला जाऊन जैवयांत्रिकीत पूर्णवेळ उतरले. पुढच्याच वर्षीचा त्यांचा निबंध आपल्याला पाहायचा आहे. सशाच्या आतड्याला धरून ठेवणारा तो पातळ पडदा त्यांनी एका दिशेने ताणला.

इथे एक युक्ती आहे आणि ती युक्ती कौतुकाची आहे. बल आणि लांबी यांचा आलेख सगळेच काढतात. फंग यांनी त्या आलेखाचा उतार, म्हणजे त्या क्षणाचा ताठरपणा, प्रतिबलाच्या समोर मांडला. आणि सरळ रेषा मिळाली. प्रतिबल जितकं जास्त, तितका ताठरपणा त्याच प्रमाणात जास्त. ओळखीचं वाटतंय ना? हे चक्रवाढ व्याज आहे. मुद्दल जितकं मोठं तितकी वाढ मोठी. चक्रवाढीचं गणित घातांकाने वाढतं, म्हणून ऊतकाचा नियमही घातांकी. पन्नास पानी सिद्धान्त न लिहिता, आलेखाचे अक्ष बदलून एका फटक्यात हाती लागलेली ही गोष्ट. पुढे ती तीन मितींत गेली, दिशेनुसार वेगळे स्थिरांक आले, पण गाभा हाच राहिला.

आता जरा बारकाईने पाहूया. ती सरळ रेषा कुठल्या ऊतकाची होती?

ताजं ऊतक यंत्रात लावून पहिल्यांदा ताणलं आणि सोडलं की एक आलेख मिळतो. लगेच पुन्हा ताणलं तर दुसराच मिळतो, जरा सरकलेला. तिसरा आणखी सरकलेला. पाचदहा फेऱ्यांनंतर सरकणं थांबतं आणि दर फेरी आधीच्या फेरीवर बसू लागते. या फेऱ्यांना प्रयोगशाळेत प्रीकंडिशनिंग म्हणतात, आपण ‘सवय लावणं’ म्हणू. सवय लागलेल्या ऊतकाचा आलेख तेवढा नोंदवायचा, आधीच्या फेऱ्या सोडून द्यायच्या, अशी रीत आहे. नवी कोल्हापुरी चप्पल घेतली की पहिले आठ दिवस चावते, कचकचते, मग पायाला बसते. आपण नवव्या दिवसापासून मोजमाप सुरू केलं आणि अहवालात लिहिलं की ‘कोल्हापुरी चप्पल मऊ असते’, तर खोटं काहीच लिहिलं नाही. पण ज्याच्या पायाला फोड आले त्याच्या काय कामाचं?

फंग यांची बाजू इथे नीट मांडली पाहिजे, कारण ती कच्ची नाही. धमनी दर ठोक्याला ताणली जाते, दिवसाला लाखभर वेळा. फुप्फुस दर श्वासाला. या ऊतकांना आयुष्यभर सवय लागलेलीच असते. कापून काढून यंत्रात लावण्याच्या धांदलीत ती मोडते आणि आपण ती पुन्हा लावतो, इतकंच. धमनीसाठी हे पटतं. पण मेंदूची शस्त्रक्रिया करणाऱ्याचं हत्यार मेंदूला पहिल्यांदाच लागतं. खेळाडूचा गुडघ्याचा अस्थिबंध फाटतो तो एकाच हिसक्यात, दहा सराव-फेऱ्यांनंतर नव्हे. मेंदूच्या ऊतकावर काम करणाऱ्या काही संशोधकांनी म्हणूनच मुद्दाम सवय न लावता प्रयोग केले. बाकी बऱ्याच ठिकाणी ती रीत कारण न विचारता पाळली जाते. प्रयोगपद्धतीत एक ओळ येते, अमुक इतक्या फेऱ्या दिल्या, आणि पुढे काम सुरू.

सवय लावल्यावरही एक अडचण उरते. ताणतानाचा रस्ता आणि सोडतानाचा रस्ता वेगळा असतो. मध्ये एक फट राहते, ती वाया गेलेली ऊर्जा. खऱ्या स्थितिस्थापक पदार्थाला ही फट नसते. मग काय करायचं? फंग म्हणाले, ताणतानाचा एक पदार्थ समजा, सोडतानाचा दुसरा समजा. प्रत्येक वाट वेगवेगळी धरली तर ती स्थितिस्थापक पदार्थासारखी लिहिता येते. शिवाय ताणण्याचा वेग हजारपट बदलला तरी आलेख फार बदलत नाही, हे त्यांनी पाहिलं होतं, म्हणून ही सोय चालून जाते. आणि या सोयीला त्यांनी नाव दिलं ‘स्यूडो-इलॅस्टिसिटी’. छद्म स्थितिस्थापकता. स्थितिस्थापकतेचं सोंग, म्हणा हवं तर.

आमच्या मते त्या संपूर्ण कामातला सगळ्यात प्रामाणिक शब्द ‘स्यूडो’ आहे. तो सांगतो की हा पदार्थाचा गुणधर्म नाही. एका विशिष्ट वागणुकीला, विशिष्ट फेऱ्यांनंतर, एका दिशेच्या प्रवासात दिलेलं हे सोयीचं रूप आहे. १९७९ मध्ये फंग आणि सहकाऱ्यांनी धमन्यांवर जो निबंध लिहिला त्याच्या शीर्षकातही हा शब्द आहे, आणि पुढे गणिती रूपाची ‘निवड’ असाही शब्द आहे. निवड! शोध नाही. बहुपदी घ्यावी की घातांकी, याची तुलना करून त्यांनी घातांकी रूप निवडलं.

आणि मग काय झालं, तर उपसर्ग गळला. हे कोणी ठरवून केलं नाही. पहिल्या निबंधात स्थिरांक येतात ते सगळ्या अटींसकट. दुसरा त्यांचा तक्ता करतो, त्यात अटींना रकाना नसतो. तिसरा तक्त्यातून आकडे उचलून संगणकात घालतो. आता ते ‘महाधमनीचे गुणधर्म’ झालेले असतात, जशी पोलादाची घनता. कुठल्या प्राण्याची, किती वयाच्या, शरीराबाहेर किती तास ठेवलेली, कितव्या फेरीची, ताणतानाची की सोडतानाची, सगळं गळून गेलं. सॉफ्टवेअरच्या चौकटीत आकडा भरायला जागा असते. तो कुठून आला हे लिहायला नसते. तुमच्यापैकी जे संगणकावर हे काम करतात त्यांनी आपापल्या इनपुट फाइलकडे एकदा या नजरेने पाहावं, एवढीच विनंती.

यावर नेहमीचं उत्तर असं येतं की मॉडेल आकड्यांशी ०.९९ ने जुळतंय, आणखी काय हवं? याचं थोडं पोस्टमॉर्टेम करू. आडवा सुरू होऊन वळून चढणारा एक गुळगुळीत आलेख, आणि हातात तीन-चार मोकळे स्थिरांक. न जुळलं तरच आश्चर्य. घातांकी रूपात तर स्थिरांक एकमेकांची भरपाई करतात. बाहेरचा गुणक वाढवला आणि घातांकातला कमी केला, तर मोजलेल्या टप्प्यात आलेख जवळपास तसाच राहतो. म्हणजे दोन प्रयोगशाळा दोन अगदी वेगळ्या आकड्यांच्या जोड्या देतील आणि दोघींचं ०.९९ असेल. मग ‘रोगी ऊतकात अमुक स्थिरांक दुप्पट होतो’ असं वाक्य वाचलं की थबकायला हवं. तो रोगाने दुप्पट झाला, की दुसरा निम्मा झाला म्हणून?

दिशेचा गोंधळ तर फार जुना आहे. व्हिएन्नाच्या कार्ल लँगरने १८६१ मध्ये मृतदेहाच्या त्वचेत गोल टोच्याने भोकं पाडली, आणि ती गोल राहिली नाहीत, लांबट झाली. त्या लांबट भोकांची दिशा जोडत गेलं की अंगभर रेषा मिळतात. शल्यविशारद अजूनही छेद घेताना त्या लक्षात ठेवतात, कारण त्या रेषेत घेतलेला छेद कमी उघडतो आणि व्रण बारीक राहतो. या एका टोच्याने दोन गोष्टी कळल्या. त्वचा सगळ्या दिशांना सारखी नाही, आणि काहीही न ओढताच ती आधीपासून ताणलेली आहे. तरी पुढे शंभर वर्षं लोक त्वचेची पट्टी कापून एकाच दिशेने ओढत राहिले. पट्टी कापली की तो आधीचा ताण गेला, आणि बाजूचे तंतू तुटले. लॅनिर आणि फंग यांनी १९७४ मध्ये सशाच्या त्वचेचा चौकोन दोन्ही दिशांनी एकाच वेळी ओढण्याची व्यवस्था केली तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. एका दिशेच्या प्रयोगावरून दुसऱ्या दिशेचं वागणं काढता येत नाही, हे गणिताने आधीच सांगितलं होतं. पण पट्टी ओढणं सोपं आणि यंत्र स्वस्त. संशोधनातल्या किती गोष्टी यंत्राच्या किमतीने ठरतात, यावर एक वेगळं व्याख्यान होईल.

आता आम्हाला जे उदाहरण सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. धमनीची एक आडवी चकती कापा, बांगडीसारखी. आत रक्त नाही, दाब नाही, कोणी ओढत नाही. आता त्या बांगडीला एका जागी कात्री लावा. ती उघडते. मिटलेल्या बांगडीचा इंग्रजी सी होतो. म्हणजे दाब नसतानाही भिंतीत ताण साठलेला होता. आतला थर दाबलेला, बाहेरचा ओढलेला. १९८३ मध्ये वैष्णव आणि वोसूघी यांनी, आणि स्वतंत्रपणे फंग यांनी, याकडे लक्ष वेधलं.

हे इतकं मोठं का? त्याआधीची मॉडेल्स असं धरून चालत होती की दाब नाही म्हणजे भिंतीत काही नाही. जाड भिंतीची नळी फुगवली की आतला थर बाहेरच्यापेक्षा जास्त ताणला जातो, ही साधी भूमिती. त्यात आपलं चक्रवाढ व्याज घाला. आतल्या थरावर प्रतिबल सरासरीच्या काही पटींनी जास्त येतं. त्यावर मग शोधनिबंध निघाले असते, निघालेही, की आतल्या थरावर एवढा भार म्हणून तिथेच रोग सुरू होतो वगैरे. १९८६ मध्ये चुऑँग आणि फंग यांनी तो साठलेला ताण हिशेबात धरला, आणि तो डोंगर जवळजवळ सपाट झाला. आतला थर आधीच दाबलेला होता; रक्तदाबाने तो ताणला गेला तेव्हा कुठे बाकीच्यांच्या बरोबरीला आला. नेहमीच्या रक्तदाबाला भिंतीतला भार जवळपास सारखा वाटलेला असतो.

आता यातली गोम बघा. दाब आणि व्यास यांचा आलेख दोन्ही मॉडेल्सनी चांगलाच जुळवला होता. बाहेरून जे मोजता येतं त्यावर दोन्ही पास. आत काय चाललंय यावर एक काही पटींनी चुकलेलं. जुळणीचा आकडा या दोघांत निवाडा करू शकत नव्हता; निवाडा कात्रीने केला. म्हणून कोणी जुळणी दाखवली की आमचा पहिला प्रश्न असतो, जे आकडे मॉडेल बसवायला वापरले नाहीत, त्यांतला एखादा तरी त्याने आधी सांगितला का? यात फंग यांचा मोठेपणाही आहे. स्वतःच्याच आधीच्या हिशेबावर ही कात्री चालवायला ते कचरले नाहीत.

तंतूंवर आधारलेल्या मॉडेल्सबद्दल थोडक्यात. लॅनिर यांनी १९८३ मध्ये ऊतकाला सगळ्या तंतूंची बेरीज म्हणून लिहिलं, निऱ्यांचा हिशेब थेट गणितात आणला. २००० साली होल्झाप्फेल, गासर आणि ऑग्डेन यांनी धमनीसाठी सुटसुटीत रूप दिलं: एक मऊ पाया आणि त्यात तिरप्या वेटोळ्यांनी जाणारी तंतूंची दोन कुळं, फक्त ताणल्यावर काम करणारी. २००६ मध्ये त्यांनी तंतूंच्या विखुरण्याचा एक आकडा घातला, सगळे एका दिशेत असतील तर ०, सगळ्या दिशांना सारखे पसरले तर १/३. हे मॉडेल आज जगभर वापरलं जातं, व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळतं. चांगलं आहे, आम्हीही ते शिकवतो. तक्रार एवढीच की यातला तंतूंचा कोन पुष्कळदा सूक्ष्मदर्शकाखाली मोजलेला नसतो, आलेख जुळवून काढलेला असतो. मग त्या कोनाला तंतूंचा कोन म्हणायचं की तिसरा मोकळा स्थिरांक? चित्रात मात्र छान वेटोळी काढलेली असतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं की पाहून काढली. जाता जाता एक गंमत: या मॉडेलचं जे नेहमीचं रूप थोडंसं दबणाऱ्या पदार्थासाठी सरसकट वापरलं जातं, त्यात तंतू असलेला घन सगळ्या बाजूंनी सारखा ओढला तर मोठा घनच होतो. एका दिशेला ताठ तंतू असूनही! तंतू तिथे असून नसल्यासारखे. हे उघड दाखवलं गेलं तोवर मॉडेल बरीच वर्षं वापरात होतं.

आता त्या ॲन्युरिझमच्या रुग्णाकडे परत जाऊ.

५.५ सेंटिमीटरचा आकडा हवेतून आलेला नाही. ब्रिटनमधली एक मोठी चाचणी १९९८ मध्ये आणि अमेरिकेतली २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. ४ ते ५.५ सेंटिमीटरच्या फुग्यांवर लगेच शस्त्रक्रिया केली म्हणून, लक्ष ठेवून थांबलेल्यांपेक्षा जास्त माणसं वाचली नाहीत, असं दोन्हींत दिसलं. व्यासाच्या नियमामागे हजारो रुग्ण उभे आहेत. प्रतिबलाचा नियम याच्याशी स्पर्धा करणार असेल तर त्याला एवढी परीक्षा द्यावीच लागेल.

२००० साली राघवन आणि वॉर्प यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या फुग्यांच्या पट्ट्या ओढून दोन स्थिरांकांचं साधं मॉडेल दिलं, सगळ्या दिशांना सारखं. सरासरी आकडे घ्यायचे आणि प्रत्येक रुग्णाच्या सीटी स्कॅनमधल्या आकारावर चालवायचे. आमच्यासारख्यांनी यावर तुटून पडावं अशी अपेक्षा असेल. एकाचे आकडे दुसऱ्याला, तंतू नाहीत, साठलेला ताण नाही! पण त्या दोघांनी स्वतःच स्थिरांक वरखाली करून पाहिले आणि प्रतिबल फारसं हललं नाही. याचं कारण समजण्यासारखं आहे. पातळ भिंतीच्या पिशवीत आतला दाब आणि बाहेरचा आकार ठरला की भिंतीवरचा भार मुख्यतः समतोलाने ठरतो; भिंत कशाची आहे हे फारसं विचारलं जात नाही. पाण्याच्या टाकीसारखं. म्हणजे ज्या घातांकी नियमावर आपण तासभर बोललो, त्याची इथे फारशी गरजच नाही. हे आम्ही आनंदाने सांगतो.

गरज कशाची आहे, तर भिंतीच्या जाडीची, जी नेहमीच्या सीटीत नीट दिसत नाही. आणि भिंत किती भार सोसेल, याची. सगळं घोडं इथे पेंड खातं. फुटणं म्हणजे भार सोसण्याच्या ताकदीपलीकडे जाणं. भार आपण मोजला. ताकद मोजायची तर तुकडा कापून तुटेपर्यंत ओढावा लागतो, आणि ज्याची भिंत कापून काढली त्याला भाकिताची गरज उरत नाही. म्हणून ताकदीचे अंदाज वय, लिंग, फुग्याचा आकार अशा गोष्टींवरून बांधले जातात. मग अंतिम उत्तरात मॉडेलचं यंत्रशास्त्र किती आणि त्या अंदाजाची आकडेवारी किती? अहवालात रंगीत चित्र येतं, लाल ठिपका जिथे भार जास्त तिथे. तो लाल रंग अर्ध्याच प्रश्नाचं उत्तर आहे हे रुग्णाला सोडा, डॉक्टरांनाही सांगितलं जात नाही. आणखी एक: स्कॅनमध्ये दिसणारा आकार रक्तदाबाखालचा, म्हणजे आधीच ताणलेला असतो. तोच विनाताण समजून त्यावर पुन्हा दाब चढवला तर एकच दाब दोनदा मोजला जातो. लँगरच्या टोच्याने दीडशे वर्षांपूर्वी सांगितलेली ही गोष्ट आजही काही कामांत राहून जाते.

आणि शेवटी ती भिंत जिवंत आहे. धमनीतलं इलॅस्टिन बहुतांशी जन्माआधी आणि बालपणात तयार होतं, मग ते दशकानुदशकं तेच पुरवून वापरायचं. कोलॅजेन मात्र सतत मोडतं आणि नव्याने घातलं जातं. ॲन्युरिझममध्ये इलॅस्टिन संपत आलेलं असतं आणि कोलॅजेनची मोडतोड व घालणं यांची शर्यत चालू असते. घालणारे मागे पडले की भिंत जाते. २००२ मध्ये हम्फ्री आणि राजगोपाल यांनी प्रत्येक घटक कधी घातला गेला, त्या वेळी किती ताणून घातला, किती दिवसांनी मोडेल, असा हिशेब ठेवणारी मांडणी केली. गणित किचकट आहे, आणि त्यातले किती तरी आकडे माणसात मोजणं आज शक्य नाही. तरीही त्या रुग्णाचा खरा प्रश्न, म्हणजे सहा महिन्यांनी पुन्हा तपासणीला बोलावलं तर तोवर भिंत टिकेल का, हा या मांडणीत निदान विचारता तरी येतो. रबराच्या गणितात काळ हा अक्षच नाही.

पाण्याचा विषय आज मुद्दाम बाजूला ठेवला. ऊतकाचा मोठा हिस्सा पाणी असतो, आणि कूर्चेत तर दाबल्यावर ते पाणी झिरपत बाहेर जातं म्हणूनच गुडघा चालतो. १९८० चं माउ आणि सहकाऱ्यांचं दोन घटकांचं मॉडेल पुढच्या वेळी घेऊ. येताना कोणी घरी पनीर करत असेल तर ते फडक्यात बांधून वजनाखाली ठेवल्यावर पहिल्या पाच मिनिटांत किती पाणी निघतं आणि पुढच्या पाच मिनिटांत किती, तेवढं मोजून आणा.